समाधान लिहायला वेळ आहे

कॅमेरा घेऊन आठ महिने झाले तरी काका त्याच्यावर समाधानी नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या प्लांटमध्ये गेटवरच्या सिक्युरिटीपासून कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. जेवायच्या सुट्टीत कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काका, झालं का समाधान?" ते शांतपणे डबा पुसून घेत म्हणायचे, "अजून नाय. समाधान लिहायला वेळ आहे."

वाळूजच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे. ते क्वालिटी खात्यात सीनियर इन्स्पेक्टर होते आणि मी त्याच खात्यात कागदपत्रं सांभाळायची, कंत्राटावर. सिडकोतून कंपनीच्या बसनं मी यायची, ते फुलंब्रीहून मोटरसायकलवर. ती मोटरसायकल बदलायची म्हणून त्यांनी दोन वर्षं मनाशी ठरवलं होतं. शेवटी जुनीच तशी ठेवली आणि कॅमेरा घेतला. साधा नव्हे, फुल फ्रेम. म्हणजे काय, ते त्यांनी मला कॅन्टीनच्या टेबलावर बोटानं चौकट काढून समजावलं होतं. "जुन्या रिळाची जेवढी चौकट असायची ना ताई, तेवढाच याचा आतला डोळा. बाकीच्या कॅमेऱ्यांचा त्याहून बारका. कडेचं कापून टाकतात."

खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर ठेवून फिरणारा मी पाहिलेला तो एकच माणूस. एकदा त्यांनी कॅन्टीनच्या पोळीची जाडी मोजून कंत्राटदाराला सांगितली होती, एका बाजूला दुप्पट येते म्हणून. न वाचता सही कशावरच करायचे नाहीत. मॅनेजरच्या वाढदिवसाचं कार्ड खात्यात फिरलं तेव्हा त्यांनी त्यातल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मग सही केली. स्वतःच लिहिलेला रजेचा अर्जसुद्धा ते सहीआधी एकदा ऐकून घ्यायचे. "मला वाचून दाखवा ताई. डोळ्याला जे बरोबर वाटतं ते कानाला खटकतं कधीकधी."

कॅमेऱ्यालाही त्यांनी असंच वागवलं. कारखान्यातल्या प्रत्येक मापावर एक छोटं स्टिकर असतं: शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आहे. तसंच स्टिकर त्यांनी कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवलं होतं. दर सोमवारी सकाळी ते, जिथं हजेरी लागते त्या टाइम ऑफिसच्या घड्याळासमोर उभे राहायचे, कॅमेऱ्यातली वेळ त्याच्याशी ताडून बघायचे आणि किती सेकंदांचा फरक आहे ते लाल वहीत लिहायचे. टाइम ऑफिसचा माणूस हसायचा. ते हसायचे नाहीत.

रविवारी ते काय करायचे तर विटांच्या भिंतीचे फोटो काढायचे. फुलंब्रीला त्यांच्या घरामागं एक गिलावा न केलेली भिंत होती. तिचे त्यांनी शेकडो फोटो काढले असतील. सोमवारी ते माझ्या कॉम्प्युटरवर उघडायचे आणि फोटोच्या मध्यभागाकडं न बघता थेट कोपऱ्यात जायचे. मोठा करत करत, शेवटच्या विटेपर्यंत. "हे बघा. डाव्या कोपऱ्यातली वीट कशी धारदार आहे. आता उजवीकडं वर चला. मऊ पडली का नाय?" मला दोन्ही विटा सारख्याच दिसायच्या. मी म्हणायची, "हो काका." ते म्हणायचे, "दिसत नसेल तर नाय म्हणा. हो कशाला म्हणता?"

ज्यांच्याकडून कॅमेरा घेतला त्यांचा दर महिन्याला मेल यायचा: तुम्ही आपल्या खरेदीवर समाधानी आहात का? खाली पाच चांदण्या. दुसऱ्या कुणी तीन-चार चांदण्या दाबून विषय मिटवला असता. काकांनी मला बसवून उत्तर लिहायला घेतलं. निरीक्षण एक, निरीक्षण दोन असं करत दीड पान झालं. शेवटी मी विचारलं, "चांदण्या किती देऊ?" त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "राहू द्या. उन्हाळ्यातला उजेड अजून बघितला नाय." ते पत्र तसंच माझ्याकडं पडून राहिलं.

मला हे सगळं वेड वाटायचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांनी खात्यातल्या आम्हा चार-पाच जणांना खिरीसाठी घरी बोलावलं, तेव्हा त्या वेडाचं मूळ दिसलं. बैठकीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली एक जुना काळा-पांढरा ग्रुप फोटो. कुठल्याशा शाळेचा. मधे खुर्चीवर हेडमास्तर, त्यांच्या मिशीचा केस न् केस मोजावा इतके स्पष्ट. दोन्ही बाजूंना शिक्षक. आणि अगदी उजव्या कडेला एक उंच माणूस, टोपी हातात धरलेला, चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखा नुसता डाग.

"हे आमचे वडील," काका म्हणाले. "शाळेत शिपाई होते. त्यांचा एवढाच फोटो आहे."

काकू खिरीची वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "ह्यांच्या नाकाचा अंदाज घेऊन मी सासऱ्यांचं तोंड मनात काढते." काकांनी विषय बदलला. घरामागची भिंत दाखवायला नेलं.

त्यानंतरच्या जानेवारीत, सुरक्षा सप्ताहात, पत्रा दाबून भाग काढतात त्या प्रेस शॉपच्या मॅनेजरांनी त्यांना बोलावून सांगितलं की शॉपच्या लोकांचा बॅनरसमोर एक चांगला फोटो काढा, नोटीस बोर्डवर लावू. एरवी आत मोबाइलसुद्धा काढायची बंदी. काकांना लेखी परवानगी हवी होती. ती घेतली, वाचून घेतली आणि सकाळी अकराला त्यांनी पहिल्या पाळीच्या बावीस जणांना उभं केलं. कडेच्या माणसांना तीनदा हलवलं. एकूण सहा फोटो काढले.

बाराला ते माझ्याकडं आले. मी कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यातला एक निवडून प्रिंट काढली. बोर्डावरची चौकट जरा उभट होती, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं कापलं. माणूस एकही कापला नव्हता, नुसतं मागचं मशीन गेलं होतं. पण काकांनी प्रिंट हातात घेतली आणि त्यांचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"कडा का कापल्या?"

"काका, बसत नव्हता."

"मग चौकट बदलायची. फोटो कशाला कापायचा?"

मीही चिडले. म्हणाले, मशीनचा कोपरा बघायला कोण येणार आहे बोर्डासमोर. ते प्रिंट टेबलावर टाकून निघून गेले. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझी जेवायची वेळ टळत होती, म्हणून मी पाहिलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रेस शॉपमधून ओरडा आला. चार नंबरच्या प्रेसवर सोपान होता, गंगापूरकडचा, लग्न न झालेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, दुसऱ्या पाळीला साडेतीनला आलेला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी खिडकीतून पाहिलं, लोक त्याला उचलून गाडीकडं नेत होते आणि तो गोंधळल्यासारखा सारखा मागं वळून मशीनकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अहवाल मीच टाइप केला. मॅनेजर बाजूला उभे राहून सांगत होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेससमोर जी लोखंडी जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. "कामगाराने उत्पादन वाढवण्याच्या घाईत गार्ड स्वतः काढून ठेवला," असं वाक्य होतं. मी ते टाइप केलं. सोपान तेव्हा दवाखान्यात होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

काका दहा वाजता आले. अहवालाची प्रत खात्याच्या फाइलला लावायची म्हणून त्यांनी वाचली, अर्थातच मोठ्यानं. त्या वाक्याशी थांबले. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "कालचा फोटो काढा. न कापलेला."

मी काढला. त्यांनी माउस हातात घेतला आणि नेहमीसारखे बावीस माणसांना ओलांडून डाव्या कोपऱ्यात गेले. मोठा केला. आणखी मोठा. बॅनरच्या पलीकडं चार नंबरची प्रेस होती. तिच्यासमोर जाळी नव्हती. ती काढून बाजूच्या खांबाला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर मेंटेनन्सची पिवळी चिठ्ठी लटकत होती. चिठ्ठीवरचं अक्षरसुद्धा वाचता येत होतं: "वेल्डिंग बाकी".

फोटोची वेळ अकरा वाजून सात मिनिटं. तेव्हा सोपान आपल्या गावी, कदाचित झोपलेला असेल.

काकांनी फोटो पुन्हा लहान केला, चष्मा काढून पुसला आणि सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले.

पाऊण तासानं परतले. मॅनेजरांनी फोटो बघितला होता आणि कार्ड मागून घेतलं होतं, कंपनीच्या कामाचे फोटो आहेत म्हणून. काकांनी कार्ड दिलं, पण पावती घेऊन. पावतीवर सहाही फोटोंचे क्रमांक आणि वेळा लिहून मॅनेजरांची सही घेतली होती.

"म्हणजे फोटो गेले?" मी विचारलं.

"ह्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात ताई. एकाच वेळी दोन्हीवर उमटतं. त्यांनी एकच मागितलं."

दुपारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. आवाज अगदी मऊ होता. "ते सुरक्षा सप्ताहाचं फोल्डर रिकामं करून ठेवा. नवीन फोटो घेऊ आपण." जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे ना?"

मी "हो सर" म्हणाले. फोल्डर रिकामं केलं नाही. पण केलं नाही असंही कुणाला सांगितलं नाही, काकांनासुद्धा नाही. घरी माझी आई आजारी होती आणि धाकट्या भावाचं शिक्षण सुरू होतं. दिवसातून दहा वेळा मी त्या फोल्डरवर बाण नेऊन ठेवायची आणि परत आणायची.

सोपानवर आरोपपत्र निघालं. तो हाताला बँडेज बांधून चौकशीला आला, सोबत त्याचे वडील. वडिलांना बाहेर बसवलं. आत एचआरचे साहेब, प्रेस शॉपचे मॅनेजर, सोपान, काका आणि मी. एचआरच्या साहेबांनी एकेक वाक्य लिहून घ्यायला सुरुवात केली.

काकांनी दुसऱ्या कार्डावरचा फोटो आणि पावती पुढं ठेवली. मॅनेजर म्हणाले, "फोटोत वेळ अकराची आहे हे खरं. पण कॅमेऱ्याचं घड्याळ कुणीही मागं-पुढं करू शकतं. अपघातानंतर मशीनचा फोटो काढून वेळ बदलली नाही कशावरून?"

"त्याच फोटोत पहिल्या पाळीची बावीस माणसं हायेत साहेब."

"काही जण त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबले होते. दुपारनंतरही काढता आला असता."

काकांनी लाल वही टेबलावर ठेवली. "दर सोमवारी टाइम ऑफिसच्या घड्याळाला लावून बघतो. त्या सोमवारी चार सेकंद मागं होता."

"हे तुम्हीच लिहिलंय."

"व्हय. प्लांटमधल्या सगळ्या मापांची, गेजांची नोंद बी मीच लिहितो. तिच्या भरवशावर आपला माल बाहेर जातो."

मॅनेजर थोडे पुढं झुकले. "तुम्ही स्वतः गेले आठ महिने सगळ्यांना सांगता की या कॅमेऱ्यावर तुमचं समाधान नाही. अख्खा प्लांट साक्षीला आहे. ज्या वस्तूवर मालकाचाच विश्वास नाही, तिच्यावर चौकशीनं विश्वास ठेवायचा?"

सोपाननं मान खाली घातली. कॅन्टीनमधली ती रोजची थट्टा अशी टेबलावर येऊन बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काका सावकाश बोलले. "समाधान नाय म्हणतो मी. विश्वास नाय असं नाय म्हणत. उजवीकडचा वरचा कोपरा मऊ येतो. उन्हात पांढरा रंग लवकर जळतो. आणि माझ्या मनगटाला जड पडतो. एवढ्या तीन खोडी हायेत, तारखेसकट लिहिल्यात. घड्याळाची खोड असती तर ती बी लिहिली असती. ज्या मापाची चूक आपल्याला ठाऊक आहे, त्याच मापावर काम करता येतं साहेब. आपण रोज तेच करतो."

एचआरचे साहेब वही चाळत राहिले. मग माझ्याकडं वळले. "हे फोटो त्या दिवशी तुमच्या कॉम्प्युटरवर घेतले होते का? किती वाजता?"

मॅनेजर पेनाचं टोपण उघडत-मिटत होते.

"नीट आठवत नाही," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सोपाननं पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी पाहिलं.

"ठीक आहे," एचआरचे साहेब म्हणाले, "सगळ्यांनी सह्या करा. झालं."

"वाचून दाखवा," काका म्हणाले.

"अहो, आत्ताच तर तुमच्यासमोर लिहिलं."

"वाचल्याबिगर मी सही करत नसतो. साहेबांना ठाऊक आहे."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि वाचायला लागले. दोन पानं होती. माझं नाव आलं, आणि पुढं: "सदर छायाचित्रे त्या दिवशी आपल्या संगणकावर घेतल्याचे आपणांस आठवत नाही, असे त्यांनी सांगितले." माझंच वाक्य परक्याच्या तोंडून, अशा कोरड्या भाषेत ऐकताना ते माझ्याच कानाला खटकलं. बारा वीसला आम्ही भांडलो होतो. ती प्रिंट त्यांनी टेबलावर टाकली तेव्हाचा आवाजसुद्धा मला आठवत होता.

पेन माझ्याकडं सरकवलं गेलं. मी ते उचललं नाही.

"ते वाक्य बदला," मी म्हणाले.

"काय बदलू?"

"मला आठवतं. बाराला घेतले. प्रिंट काढताना मी कडा कापल्या म्हणून काका माझ्यावर रागावले होते, तेव्हा बारा वीस झाले होते. फोल्डर अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. सरांनी रिकामं करायला सांगितलं होतं. मी केलं नाही."

मॅनेजरांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. एचआरच्या साहेबांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग जुनं वाक्य खोडलं आणि शेजारी नवीन लिहायला लागले.

लिहून झालं तेव्हा काका म्हणाले, "आता परत वाचा. पहिल्यापासून."

आयटीच्या माणसानं माझ्या कॉम्प्युटरवरची वेळ तपासली. ती बारा वाजून नऊ मिनिटांची निघाली. अहवाल बदलला. गार्ड पहिल्या पाळीत दुरुस्तीला काढलेला होता आणि तो न लावताच मशीन चालू ठेवलं गेलं, असं त्यात आलं. सोपानवरचं आरोपपत्र मागं घेतलं आणि जखम भरून आल्यावर त्याला स्टोअर्समध्ये काम दिलं. मॅनेजर काही दिवसांनी दुसऱ्या प्लांटला गेले. काकांची बदली स्क्रॅप यार्डात झाली, भंगाराच्या वजनकाट्यावर. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. महिन्याभरात काटा किती किलोनं चुकतो ते त्यांनी शोधून काढलं आणि लिहून वर पाठवलं. माझं कंत्राट मार्चमध्ये संपलं आणि पुढं वाढलं नाही. चार महिने घरी बसले, मग चिकलठाण्याला दुसरी नोकरी लागली.

शेवटच्या दिवशी मी यार्डात त्यांना भेटायला गेले. म्हणाले, "काका, मी आधी खोटं बोलले होते." ते काट्यावरचा आकडा लिहीत होते. म्हणाले, "व्हय. आणि मग खोडलं. खोडलेलं बी दिसतंय त्या कागदावर, त्याला मी हरकत घेतली नाय." एवढंच. मला त्याचं वाईटही वाटलं आणि बरंही. माफ केलं असं ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले, मे महिन्यात, सोपानच्या बहिणीच्या लग्नात. गंगापूरपासून जीपनं आत जावं लागतं. मांडवात पोचले तर काका आधीच आलेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून सोपानच्या वडिलांशेजारी बसलेले. गळ्यात काही नव्हतं, जवळ पिशवीही नव्हती. ऊन असं रखरखीत की मांडवाच्या कापडातूनही डोळे दिपत होते.

"काका, कॅमेरा?"

"घरी आहे. आज जेवायला आलोय."

पंगत बसली. मी त्यांच्या शेजारच्या पानावर बसले. सोपान स्वतः वाढायला निघाला. लोक म्हणत होते, अरे तू कशाला, दुसरे हायेत ना. त्यानं ऐकलं नाही. डाव्या हातात वरणाची बादली आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत पळी, अजून नीट सवय न झालेली. काकांच्या पानाशी येऊन तो वाकला. पळी हलली आणि वरण भातावर कमी, काकांच्या बाहीवर जास्त पडलं.

सोपानचा चेहरा उतरला. तो खांद्यावरचा टॉवेल ओढायला लागला.

काकांनी पान थोडं त्याच्याकडं सरकवलं. "राहू द्या. अजून एक वाढा."

त्यानं दुसरी पळी वाढली. ती नीट पडली. सोपान माझ्या पानाकडं आला आणि काका भात कालवायला लागले.